गळ्यावरचा नंबर

क्वालिटीच्या तृप्ती मॅडमनी तो तुटका आर्म टेबलावर ठेवला तेव्हा नाथा गायधनीनं नंबर वाचला नाही, नंबर कुठे आहे ते आधी पाहिलं. सत्तावीस वर्षांची सवय. माणूस जेवायला बसला की आधी मीठ कुठे वाढलंय ते बघतो, तसं. आणि नंबर गळ्यावर होता. आर्मच्या डोक्याला जी सपाट जागा मुद्दाम ठेवलेली असते तिथे नव्हता. जिथे तो बारीक होऊन वळतो त्या गोलाईवर होता, आणि बरोबर नंबरातूनच आर्मचे दोन तुकडे झाले होते. मग त्यानं वाचलं. पोलादाच्या हीटचा, म्हणजे त्या वितळणीचा, नंबर, मग १९२, मग पहिली पाळी, आणि शेवटी मारणाऱ्याचं अक्षर, क्यू. "क्यू म्हणजे आपला पुंजा ना?" मागून कोणीतरी म्हणालं. तृप्ती मॅडमनी मान हलवली. नाशिकच्या अंबड वसाहतीतल्या त्या कंपनीत टेबलाभोवती अकरा माणसं उभी होती, आणि १९२ म्हणजे कोणता दिवस हे त्या अकरांत फक्त दोघांना तोंडपाठ सांगता आलं असतं, एक मॅडमना आणि एक त्याला. वर्षाचा एकशे ब्याण्णवावा दिवस. अकरा जुलै. अकरा जुलैला पुंजा लहांगे इगतपुरीच्या पलीकडे, आपल्या पाड्यावरच्या खाचरात गुडघाभर चिखलात वाकून भाताची आवणी करत होता. त्या दिवशीचा क्यू नाथानं मारला होता.

मॅडम बोलत होत्या. ट्रॅक्टरचं स्टिअरिंग फिरवलं की चाकाला ओढणारा हा लोखंडी हात, तो विंचूरजवळ लाल कांद्याची ट्रॉली ओढताना तुटला. दसऱ्याला घेतलेला नवाकोरा ट्रॅक्टर. ट्रॉली कलंडली, चालवणारा उडी मारून वाचला, पण त्याची आई मडगार्डवर बसलेली होती, झुंबरबाई, ती खाली गेली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. "नशीब म्हणा, नंबर वाचता आला," मॅडम म्हणाल्या. "त्या दिवशी असे गळ्यावर मारलेले बाकीचे एकोणचाळीस पीस आपण नंबरवरून शोधून परत मागवले. आता कोणाला धोका नाही. पण क्रॅक सुरू कुठून झाला बघा." भिंतीवरच्या पडद्यावर फोटो आला. ठिपक्याठिपक्यांचा क्यू परातीएवढा दिसत होता, आणि त्याच्या शेपटीच्या शेवटच्या ठिपक्यातून एक बारीक रेघ निघाली होती. ठोका जास्त खोल. हवेचं प्रेशर वाढवलेलं. नाथा त्या रेघेकडे बघत राहिला. प्रेशर किती वाढवलं होतं तेही त्याला आठवत होतं. चारवरून सहा.

आता हे काम असं की बाहेरच्याला वाटेल, त्यात काय आहे? हवेचा पाइप लावलेली गन, तिच्या तोंडात एक सुई, ती टर्रर्र करत लोखंडावर ठोके मारत जाते आणि नंबर उमटतो. पोरखेळ. पण नाथा ज्या काळात लागला तेव्हा गनच नव्हती. एकेक आकड्याचा पोलादी पंच डाव्या चिमटीत धरायचा आणि उजव्या हातानं हातोडी घालायची. अंगठ्याचं नख किती वेळा काळं झालं त्याची मोजदाद नाही. मग गन आली, आणि नाथानं ती अशी काही आपलीशी केली की नव्या माणसाला आधी त्याच्याकडेच पाठवत. पहिला धडा तो एकच द्यायचा: "बाळा, गळ्यावर कधी मारायचं नाही. जिथं ताण येतो तिथं ओरखडासुद्धा नको. नंबर नाही उमटला तरी चालंल, पीस बाजूला ठेव." पुंजालाही त्यानंच शिकवलं. पुंजा तेव्हा ठेकेदाराकडून नवा नवा आला होता. अक्षरं वाटली तेव्हा क्यू कोणी घेईना, तो याच्या गळ्यात पडला. "हा शेपटीवाला ओ माझा का भाऊ?" म्हणून तो हसला होता. एकदा घाईत त्यानं गन गळ्यावर टेकवली, तर नाथानं सगळ्यांदेखत त्याला असा झाडला की पुंजा दोन दिवस मान वर करून बोलला नाही. ते सगळं नाथाला त्या टेबलापाशी उभ्या उभ्या आठवलं, शब्दांसकट.

अक्षर सांभाळायचा रिवाज कोणी सुरू केला ते ठाऊक नाही. ठेकेदाराच्या माणसांची हजेरी अंगठ्याच्या मशीनवर नसते. ज्याचं अक्षर त्या दिवशी पिसांवर पडलं तो हजर. आणि आवणीच्या दिवसांत घाटाकडची माणसं जाणारच, ब्रह्मदेव आला तरी थांबायची नाहीत. मग जाणारा म्हणतो, माझं अक्षर सांभाळा. मागे राहिलेला आपला कोटा मारतो, मग मशीनवर अक्षर बदलून त्याचा मारतो. सुपरवायझर त्या वेळी चहाला जातो. कोणाचं अक्षर कोणी सांभाळलं हे नंतर विचारायचं नाही, हेही त्या रिवाजातच आलं. पुंजाचे चार दिवस नाथानं सांभाळले. पहिले तीन व्यवस्थित गेले. चौथ्या दिवशी घासणारा गडीही आवणीलाच गेला होता, त्यामुळे निम्म्या आर्मच्या सपाट जागेवर खवले आणि लोखंडाची कुसळं तशीच राहिली होती, गन नीट बसेना. आणि इथे नाथाला स्वतःशी खोटं बोलता येत नव्हतं, कितीही वाटलं तरी. त्यानं पीस वेगळे केले होते. स्वच्छ पीस आधी घेतले, त्यांवर आपला डी मारला, एकेक फडक्यानं पुसून, नीट, सरळ रेषेत. जे कमी पडले ते कानस घेऊन स्वतः घासले आणि त्यांवरही डी मारला. मग दीड वाजला, कंबर धरली, आणि उरलेले चाळीस खराब पीस क्यूच्या वाट्याला ठेवले. ते कोण घासणार? गन गोलाईवर बरी टेकत होती. उमटेना म्हणून प्रेशर वाढवलं. हे करताना त्याला वाईट वाटलं नव्हतं, हीच तर गंमत. मनात कुठेतरी होतं की हे आपले नाहीत. आपल्या अक्षराखाली त्यानं असा एक पीस मेला तरी सोडला नसता.

पुंजाला बोलावलं. तो हात पुसत आला, आर्म बघितला, अक्षर बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरत गेला. मॅडमनी विचारलं, "तुमचंच अक्षर ना?" तो म्हणाला, "हा, माझंच हाय." "जुलैतलं काम आहे. आठवतंय काही?" पुंजानं डोकं खाजवलं. नाथाला वाटलं, आता म्हणेल. आता म्हणेल, जुलैत मी चार दिवस गावाला होतो. म्हणू दे असंही वाटत होतं, म्हणू नये असंही वाटत होतं. पण पुंजा म्हणाला, "आठवत तं नाय मॅडम. पण अक्षर माझं हाय म्हंजे मीच आसंल. घाईत झालं आसंल. मागं पन एकदा माझ्या हातनं झालं व्हतं, भाऊंनी लय रागं भरलं व्हतं." आणि त्यानं साक्षीला नाथाकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. नाथानं मान हलवली. नुसती हलवली, वर-खाली, कोणालाही हो वाटेल अशी. "काका, तुम्ही शिकवूनसुद्धा," तृप्ती मॅडम म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात त्याच्याबद्दल सहानुभूती होती. पुंजाकडून गन काढून घेतली. त्याला डिस्पॅचला टाकलं, पेट्या भरायला. पंधरा डिसेंबरला परमनंट करायच्या माणसांची यादी लागायची होती. सहा वर्षं ज्या यादीसाठी पुंजा राबला तीतलं त्याचं नाव मॅडमनी त्याच्यासमोर खोडलं नाही, एवढा विवेक दाखवला. पण खोडलं.

यादी लागायला दोन आठवडे होते. रोज सकाळी नाथा ठरवून निघायचा. सिडकोतल्या घरून कंपनीपर्यंत सायकलवर वीस मिनिटं, त्या वीस मिनिटांत सगळी वाक्यं तयार व्हायची. मॅडम, अकरा जुलैला पुंजा नव्हता. झालं, एवढंच. मॅडमच्या केबिनला काच आहे. काचेतून त्या कॉम्प्युटरकडे बघताना दिसायच्या आणि नाथाचे पाय आपोआप पाण्याच्या टाकीकडे वळायचे. घोटभर पाणी प्यायचं, परत यायचं. भीती कसली होती? चौकशी लागेल, बदली हजेरीचं सगळं बाहेर पडेल, दहा जणांचं नुकसान होईल, असं तो स्वतःला सांगायचा आणि सांगता सांगताच ओळखायचा की हे ढोंग आहे. चौदा महिन्यांनी तो रिटायर होणार होता. निरोपाच्या दिवशी कोणीतरी उठून म्हणणार होतं की नाथाभाऊंचा एक पीस कधी परत आला नाही. ते वाक्य त्याला हवं होतं. त्या एका वाक्यापायी! रात्री ताटावर बसल्यावर त्याची बायको मीना म्हणाली, "अहो, भाकरी मोडून नुसती चिवडताय. काय झालंय?" तो म्हणाला, "दात दुखतोय." तर तिनं लवंग आणून दिली. ती त्यानं निमूट दाढेत धरली. न दुखणाऱ्या दाढेत लवंग धरून तो टीव्हीसमोर बसला, आणि लवंग तिखट लागत राहिली.

गुरुवारी सुट्टीच्या भोंग्यानंतर पुंजा सायकल स्टँडवर त्याची वाट बघत उभा होता. नाथाला वाटलं, कळलं याला. पण पुंजा खाली बघत म्हणाला, "भाऊ, येक काम व्हतं. रयवारी माझ्याबरं विंचूरला चलता का? ती म्हातारी, झुंबरबाई. कंपनीची दोन मान्सं जाऊन आली म्हंत्यात, फळं देऊन. पन मी नाय गेलो. मला झोप नाय भाऊ. तिच्या पायावर डोकं ठेवून येतो. एकट्याला बोलाया सुधरायचं नाय, तुमी आसले म्हंजे..." नाही म्हणायला सतरा कारणं होती. नाथा म्हणाला, "येतो." का म्हणाला, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. कदाचित तिथे सांगणं सोपं जाईल असं वाटलं असेल. कदाचित पुंजा एकटा गेला आणि तिथे कोणी तारखेचं काही बोललं तर आपण हजर असलेलं बरं, असंही वाटलं असेल. हे दुसरं मनात आलं तसं त्याला स्वतःची किळस आली, पण ते मनात आलं होतं हे खरं.

रविवारी नाशिकच्या द्वारका चौकात येवल्याची गाडी मिळाली. पुंजा पहाटेच्या पॅसेंजरनं आला होता, खांद्यावर गोणपाटाची पिशवी. पिशवीत नवा तांदूळ. "यंदाचाच हाय, घरचा. भागीनं कांडून दिला," तो म्हणाला. भागी त्याची बायको. पिशवी त्यानं मांडीवर घेतली आणि निफाड येईपर्यंत खाली ठेवली नाही. तांदळाचा कोवळा, गोडसर वास नाथाच्या नाकात जात होता. हाच तो तांदूळ. याचीच रोपं त्या दिवशी पुंजा लावत होता, आणि आपण इथे. नाथानं तोंड फिरवून उसाच्या गाड्या बघितल्या, द्राक्षबागा बघितल्या. पुंजाला मात्र कधी नव्हे ते बोलायचं होतं. "भाऊ, मी लय इचार करतो. जुलैत कवा झालं आसंल? मला तं दिस आठवत नाय. पाऊस, चिखल, ह्या पाळीचं त्या पाळीला. येक मात्र बरं झालं, मंधी चार दिस तुमी माझं अक्षर सांभाळलं. तेवढं तरी नीट गेलं आसंल. न्हायतर आनखी किती मान्सं पडली आसती." तो हे अगदी साधेपणानं म्हणाला. नाथाच्या कानशिलात कोणी वाजवली असती तर बरं झालं असतं. त्यानं "हं" म्हटलं.

विंचूरच्या फाट्यावर उतरल्यावर कांद्याचा वास अंगावर आला. विचारत विचारत ते मळ्यातल्या वस्तीवर पोचले. पत्र्याच्या पडवीत लोखंडी पलंगावर झुंबरबाई उशीला टेकून बसली होती. पाय पांघरुणाखाली सरळ, बाजूला चालायचा वॉकर, त्यावर वाळत घातलेला टॉवेल. मुलगा बाजारात गेला होता. सून पाणी घेऊन आली. पुंजानं पाणी घेतलंच नाही. पिशवी पलंगाच्या पायथ्याशी ठेवून तो खाली बसला आणि त्यानं म्हातारीच्या बऱ्या पायाच्या बाजूला कपाळ टेकवलं. "माय, तो नंबर मीच मारला व्हता. माझ्या हातनं तुझं हाड मोडलं. तू काय म्हनशील ते म्हन." म्हातारी दचकली. मग तिला कळलं तसं तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही, की शिवीही दिली नाही, ती एवढंच म्हणाली, "लई दुखतंय रे बाबा. रातच्याला कूस बदलता येत नाही. सुनंला उठवावं लागतं लघवीलासुदिक. लाज वाटती." पुंजा रडायला लागला. मोठा माणूस, चाळिशीतला, नाक ओढत रडत होता. नाथा उभाच होता. त्याला दिसत होता तो म्हातारीचा हात, पांघरुणाची कड मुठीत धरलेला, कांद्यानं बोटं काळी पडलेली.

आणि त्याच्या तोंडून निघालं. ठरवलेल्या वाक्यांतलं एकही नव्हतं ते. "आजी, यानं नाही केलं. मी केलं. तो नंबर माझ्या हातचा आहे." आवाज इतका मोठा निघाला की सून दारात येऊन उभी राहिली. नाथानं पलंगाचा दांडा धरला. झालं. सुटलो. मग पुंजानं वर बघितलं, डोळे पुसले, आणि तो कळवळून म्हणाला, "भाऊ, नका. माझ्यासाठी तुमी खोटं नका बोलू." आणि म्हातारीकडे वळून, "माय, हे आमचे गुरू. सत्तावीस वर्सांत येक पीस वापस नाय यांचा. मला शिकवलं यांनी. आता माझं पाप आपल्या आंगावर घेत्यात." "नाही रे," नाथा म्हणाला. "खरंच मी." "भाऊ, अक्षर माझं हाय ना त्याच्यावं? तुमच्या हातनं गळ्यावं? कोनी सांगितलं तरी मला पटनार नाय." झुंबरबाईनं नाथाकडे नीट बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आता पहिल्यांदाच. "असं मानूस राह्यलं नाही हो आता," ती म्हणाली. "दुसऱ्याचं आपल्यावर घेनारं. बसा दादा. सूनबाई, च्या टाक."

फक्त एक वाक्य उरलं होतं. अकरा जुलैला तू कुठे होतास पुंजा, आठव. एवढं म्हटलं असतं की पुंजानं बोटांवर दिवस मोजले असते, आवणीचे चार दिवस, आणि सगळं कळलं असतं. नाथाला ते वाक्य ओठावर जाणवत होतं. ते सोडून तो बाकी सगळं बोलला होता, आणि बोलायला तोंड उघडलं तेव्हाच आपण ते सोडणार आहोत हे त्याला ठाऊक होतं का? त्यानं स्वतःला विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली नाही. तो बसला. चहा आला; साखर जास्त होती, पाहुण्यासाठी घालतात तशी. झुंबरबाई पुंजाला त्याच्या पाड्याचं विचारायला लागली, शेत किती, पोरं किती. पुंजा मुलीचं, सायलीचं, सांगायला लागला, ती इगतपुरीला बारावीला आहे, परमनंट झालो असतो तर नाशकाला कॉलेजात घालणार होतो. "होशील रं बाबा," म्हातारी म्हणाली. "असा मानूस हाये तुझ्या पाठीशी." आणि तिनं नाथाकडे बोट केलं. नाथानं कप तोंडाला लावला. कप रिकामा झाला होता तरी तो तोंडाला लावून बसला.

परतीची गाडी अर्ध्या तासानं आली. गर्दी होती, निफाडला माणसं उतरली तेव्हा दोघांना एका बाकावर जागा मिळाली. ऊन उतरत होतं. पुंजा हलका झालेला दिसत होता. पिशवी रिकामी, घडी करून खिशात. मग नाशिकच्या अलीकडे त्यानं नाथाकडे न बघता विचारलं, "भाऊ, खरं सांगा. तुमी तसं का म्हनले?" आवाजात कुठेतरी एक बारीक शंका होती. नाथानं ती ओळखली. लोखंडाला तडा गेला की ठोक्याचा आवाज बदलतो, ते ओळखण्यातच त्याचं आयुष्य गेलं होतं. पुंजा विचारत होता. आता कोणी पाया पडत नव्हतं, कोणी चहा टाकत नव्हतं, उद्या सोमवार होता आणि यादी लागायला अजून आठ दिवस होते. एवढी सोपी संधी देवानंसुद्धा दिली नसती. गाडी खड्ड्यातून गेली, दोघांचे खांदे एकमेकांवर आपटले.

"म्हातारीला बरं वाटावं म्हणून," नाथा म्हणाला.

पुंजानं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मग उठून, नको नको म्हणत असताना, त्यानं नाथाला खिडकीकडची जागा दिली. नाथा सरकून तिथे बसला.